कालिंदीबाईंचे मनगट

सन एकोणीसशे त्रेसष्ट. फाल्गुन. पालडोंगरीच्या खाणीभोवतालचा पळस पेटला होता.

पान नाही, सावली नाही, नुसते फूल. काळ्या डोंगराच्या कुशीत केशरी ज्वाळा, आणि ज्वाळांवर निळे, निर्विकार, निरभ्र आकाश. खाली मँगेनीजची धूळ. कृष्णवर्ण, तेजाळ, सर्वसंचारी. धूळ पायरीवर, धूळ पापणीवर, धूळ धुतलेल्या लुगड्याच्या निऱ्यांत.

वसाहतीच्या पूर्वेला गोऱ्या साहेबांनी आखलेले गोल्फचे मैदान होते. साहेब गेले, मैदान राहिले. नऊ भोके, नऊ निशाणे, आणि मध्ये पिवळ्या, करकरीत गवताचा विस्तीर्ण माळ.

हिरवळ मात्र नव्हती. तुमसरच्या पलीकडल्या त्या तापलेल्या मुलखात हिरवळ कोण जगवणार? भोकाभोवती गोल वर्तुळात बारीक वाळू पसरत, तिच्यात यंत्रांचे जळके तेल कालवत, आणि त्या तेलकट, तांबूस, तलम वर्तुळाला सगळे ब्राऊन म्हणत. चेंडू ब्राऊनवर आला की लांब दांड्याची लाकडी फळी घ्यायची, चेंडूपासून भोकापर्यंत एकदा ओढायची. पावलांचे ठसे पुसले जात. वाळूवर एक गुळगुळीत वाट उमटे. मग त्या वाटेवरून पटरने, म्हणजे चपट्या पात्याच्या काठीने, चेंडू हलकेच ढकलायचा. आत गेला तर गेला.

कालिंदी डबीरचा चेंडू एके काळी आत जात असे.

खाणीचे सर्वेक्षक त्र्यंबकराव डबीर यांची ती पत्नी. वसाहतीत तिला नाव नव्हतेच. ती डबीरबाई होती, बेबीची आई होती, बंगला नंबर चारची बाई होती. फक्त पहाटे, माळावर, पहिल्या निशाणापाशी उभी राहिली की ती कालिंदी होई. अंगावर थंड वारा, कानांत तितरांची साद, हातात एका स्कॉटिश मडमेने जाताना मागे टाकलेला पटर: हिकरी लाकडाचा दांडा, गंजके पाते. पदर खोचून ती उभी राही, पाय जवळ घेई, आणि निजलेल्या मुलाचा पाळणा हलवावा तसा तो पटर हलवी. चेंडू जाई. टप् असा आवाज येई. त्या एवढ्याशा टप् साठी ती दिवसभराची धूळ सोसत असे.

मग त्र्यंबकरावांनी तिला सुधारायला घेतले.

त्र्यंबकराव सज्जन होते, निर्व्यसनी होते, मायाळू होते. पण जगातली कोणतीही गोष्ट त्यांना जशी होती तशी ठेववत नसे. त्यांनी बंगल्यातली दारे ओळंब्यात आणली होती, देवघरातले देव समपातळीत आणले होते. आता पत्नीचे पटिंग.

“पाय लांब ठेव. डोळे चेंडूच्या बरोब्बर वर. खांदे हलव, हात नको. आणि मनगट! मनगट वळवू नकोस.”

दिवाणखान्यात सतरंजी अंथरली गेली. सतरंजीवर दोन सुतळ्या ताणल्या गेल्या, समांतर, आगगाडीच्या रुळांसारख्या. पलीकडच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा. कालिंदीने दोन्ही काखांत रुमाल धरायचे, रुमाल पडू द्यायचे नाहीत, आणि चेंडू रुळांतून पेल्यात घालायचा. बाजूला खुर्चीवर त्र्यंबकराव. त्यांच्या मांडीवर फूटपट्टी.

चहा निवे. वरण करपे. दारात भाजीवाली उभी राही आणि आ वासून बघे: काखांत रुमाल धरलेल्या डबीरबाई, पेल्यापुढे नतमस्तक.

पुढे पटर बदलले. मडमेचा म्हातारा पटर माळ्यावर गेला आणि कलकत्त्याहून पितळी पात्याचा आला. तो जड. मग ॲल्युमिनियमचा आला, इस्त्रीसारख्या जाड डोक्याचा. तो हलका. मग हलक्याला मागून शिसे चिकटवले. मग दांडा बोटभर कापला. मग कापलेल्या दांड्याला मुठीपाशी चामडे गुंडाळून तो पुन्हा लांब केला. प्रत्येक पटर येई तेव्हा त्र्यंबकरावांच्या डोळ्यांत वधूपित्याची आशा असे. प्रत्येक पटर माळ्यावर जाई तेव्हा तेच दोन शब्द मागे उरत. तुझे मनगट.

आणि चेंडू चुकू लागला.

आधी लांबून चुके, मग जवळून चुकू लागला, मग हातभर अंतरावरूनही. नवव्या ब्राऊनवर तर नेमाने. नववा ब्राऊन माळाच्या टोकाला, एका जुन्या मोहाजवळ. तिथे तिचा चेंडू भोकाच्या डावीकडून जाई, मोहाकडे, दरवेळी मोहाकडे, जणू त्या झाडाने त्याला हाक मारली आहे.

“अहो, मला वाटतं तिथे जमीनच उतरतेय,” ती एकदा म्हणाली.

त्र्यंबकराव हसले. वात्सल्याने हसले; तेच तिला सोसवेना.

“कालिंदी, त्या ब्राऊनची लेव्हल मी स्वतः घेतली आहे. दुर्बिणीनं. तिथे केसाएवढा उतार नाही. जमीन सरळ आहे. तुझं मनगट वळतंय.”

ज्याने डोंगर मोजला, ज्याने पाताळातले बोगदे कागदावर उतरवले, त्याला जमीन कशी असते हे कोण सांगणार? तिने मनगटाकडे बघायला सुरुवात केली. पोळी लाटताना मनगट. वेणी घालताना मनगट. देवाला हळदकुंकू वाहताना मनगट. तीस वर्षे तिच्याबरोबर निमूट राहिलेले, दोन बांगड्यांचे, सावळे, सालस मनगट एकाएकी संशयित झाले. आणि पहाटे पहिल्या निशाणापाशी उभी राहिलेली बाई आता कालिंदी नव्हती. ती एक दुरुस्तीला आलेली वस्तू होती.

दरवर्षी होळीच्या आधी नवराबायकोंच्या जोड्यांचा सामना होई. एका जोडीला एकच चेंडू. एक फटका नवऱ्याचा, पुढचा बायकोचा, पुन्हा नवऱ्याचा. वसाहतीतले संसार त्या दिवशी जेवढे डळमळत तेवढे सबंध वर्षात डळमळत नसत.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तिने सुतळ्या गुंडाळल्या, पेला धुऊन फडताळात ठेवला, आणि शांतपणे म्हणाली, “उद्या नवव्यावर माझा चुकला, तर मी खेळ सोडला. कायमचा. मला पुन्हा कुणी काही शिकवायचं नाही.”

“असं काय करतेस? सुधारणा होतेय की तुझ्यात.”

“मला सुधारायचंच नाहीये हो. मला खेळायचंय.”

त्र्यंबकराव मायेने म्हणाले, “रुमाल काखेत धरून एकदा करतेस का? शेवटचं?”

तिने दिवा मालवला.

सकाळी ती माळ्यावर चढली. कोळ्याची जाळी बाजूला सारून तिने मडमेचा पटर खाली काढला आणि पदराने पुसला. त्र्यंबकरावांनी तो पाहिला. त्यांचा चेहरा कोमेजला. “त्याला वजनच नाही,” ते पुटपुटले. तिने ऐकले नाही असे दाखवले.

शेवटच्या टप्प्याला दोन जोड्या बरोबरीने उरल्या: डबीर, आणि खाणीच्या दवाखान्याचे डॉक्टर मोघे व त्यांची पत्नी शरयू. शरयू कालिंदीची जिवलग होती. गोरी, गोल, खट्याळ बाई, जिला खेळात रस कमी आणि खेळणाऱ्यांत जास्त.

नववे निशाण. ऊन चढलेले, माळ भाजलेला, तापलेल्या ब्राऊनमधून तेलाचा उग्र, ओशट वास. मागे मोह, मोहामागे पळस, पळसामागे खाणीचा काळा, कातीव कडा.

शरयूने पटर मारला. डॉक्टरांनी तिच्यासाठी ओढलेल्या वाटेवरून तिचा चेंडू निघाला, नीट निघाला, आणि भोकाशी पोचता पोचता डावीकडे झुकला. मोहाकडे.

“अगंबाई! डबीरसाहेब, माझं पण मनगट वळलं की काय?”

“वळलं. मी बघितलं,” त्र्यंबकराव गंभीरपणे म्हणाले.

पुढची पाळी डॉक्टरांची. डॉक्टर शस्त्रक्रिया करणारे. त्यांचे हात अख्ख्या जिल्ह्यात नावाजलेले. त्यांचाही चेंडू निघाला, आणि त्यांचाही झुकला. मोहाकडे. भोकाच्या काठावर जेमतेम थांबला. शरयूने तो पायाने ढकलल्यासारखा आत घातला.

“तुमचंही वळलं, डॉक्टर,” त्र्यंबकराव म्हणाले.

“साथ आली म्हणायची मनगटाची!” शरयू म्हणाली. “अहो, आपल्या दवाखान्यात औषध आहे का हो यावर?”

सगळे हसले. कालिंदी हसली नाही. ती वाळूकडे बघत होती. शरयूचे मनगट, डॉक्टरांचे मनगट, तिचे मनगट: तीन मनगटे, तीन फटके, आणि एकच मोह. तिच्या मनात काहीतरी निवळले. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी आणि तळ दिसावा, तसे.

आता चेंडू डबीरांचा, आणि पाळी तिची. भोक पाच-सहा हातांवर. आत गेला तर सामना त्यांचा. नाही गेला तर बरोबरी. आणि बरोबरीत चषक गतवर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे मोघ्यांकडेच राहणार. पण चषकाचे कुणाला पडले होते? तिला दिसत होत्या तिच्या पहाटा. एकामागून एक, धूसर, तितरांच्या सादेने भरलेल्या, आणि या पाच-सहा हातांच्या पलीकडे संपणाऱ्या.

त्र्यंबकरावांनी फळी घेतली. त्यांनी वाट ओढली. काय वाट होती ती! ओळंब्यासारखी सरळ, आरशासारखी सपाट, चेंडूपासून भोकाच्या मध्यबिंदूपर्यंत रेखलेली. सबंध आयुष्याचा काटेकोरपणा त्यांनी त्या वाळूत ओतला होता. मग ते बाजूला झाले, गुडघ्यावर हात टेकून ओणवे झाले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “खांदे. डोकं स्थिर. आणि मनगट.”

तिने पाय जवळ घेतले.

“अगं, पाय लांब—”

“अहो,” ती म्हणाली, “गप्प बसा.”

अकरा वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिने पहिल्यांदाच जोडून उच्चारले होते. डॉक्टरांनी खोकल्याचे निमित्त केले. शरयूने पदर तोंडाशी नेला.

कालिंदीने त्या सरळ, सुंदर, सन्मान्य वाटेकडे एकदा पाहिले. आणि पाठ फिरवावी तसा पटर तिच्यापासून फिरवला: उजवीकडे, वीतभर उजवीकडे, जिथे वाळू विस्कटलेली होती, जिथे चार माणसांच्या पावलांचे ठसे होते, जिथे कुणीच कधी चेंडू मारत नसे. पाळणा हलवावा तसा तिने तो हलवला.

चेंडू वाटेवरून उतरला. ठशांवरून ठेचकाळला, अडखळला, सावरला. वाळूचा उंचवटा चढला, वाळूची खळगी उतरला. तो भोकाकडे जातच नव्हता. तो भलतीकडे, परमुलखात, एकटा निघाला होता. मग हळूहळू, एखाद्या गोष्टीची आठवण यावी तसा, तो डावीकडे वळू लागला. वळला. वळत वळत मंदावला. काठाशी क्षणभर उभा राहिला.

टप्.

शरयूने टाळ्या वाजवल्या. आपण हरलो हे तिच्या ध्यानातही नव्हते. डॉक्टरांनी टोपी काढली. कालिंदी तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पळसाचे सगळे केशर पाणी होऊन भरले होते.

आणि त्र्यंबकराव ओरडले, “बघ! बघ! मी सांगत होतो ना? मनगट!”

ती त्यांच्याकडे वळली.

“अजिबात वळलं नाही! चार वर्षांत पहिल्यांदा. दगडासारखं स्थिर. सुतळीचा परिणाम आहे हा, कालिंदी, सुतळीचा!”

ते चेंडूकडे बघतच नव्हते. चेंडू कुठून गेला, कसा गेला, त्यांनी ओढलेली वाट कशी कोरी राहिली, हे त्यांनी पाहिलेच नव्हते. पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत त्यांची नजर एकाच जागी खिळली होती: दोन बांगड्यांच्या त्या सावळ्या मनगटावर.

तिला संताप आला. डोंगराएवढा आला. तिने तोंड उघडले, शरयूकडे पाहिले, आणि शरयूच्या थरथरणाऱ्या पदराकडे पाहून तिला जे हसू फुटले, ते आवरता आवरेना. ती त्या तेलकट वाळूत मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्र्यंबकरावही हसले, कशाला ते न कळता, विजयी मुद्रेने.

खेळ तिने सोडला नाही. सतरंजीवर मात्र ती पुन्हा उभी राहिली नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात नववा ब्राऊन खचला. खालून जुना बोगदा गेला होता. जमीन वर्षानुवर्षे कणाकणाने मोहाकडे कलत होती. त्र्यंबकरावांनी दुर्बीण लावून पुन्हा लेव्हल घेतली. त्या रात्री अंथरुणावर म्हणाले, “तू म्हणाली होतीस.” थोड्या वेळाने अंधारातून पुन्हा त्यांचाच आवाज आला, “पण थोडंसं मनगटही होतंच.”

डॉक्टर मोघ्यांनी भंडाऱ्याला दवाखाना काढला आणि तिथेच, रोगी तपासता तपासता, खुर्चीत मान टाकली. शरयू मुलाकडे इंदूरला गेली. कित्येक वर्षे ती फोन करी, आणि नमस्कार-चमत्काराच्याही आधी विचारी, “मनगट कसं आहे गं?” मग एके वर्षी ते फोन थांबले.

पालडोंगरीची खाण बंद पडली. माळावर आता काटेरी बाभळी आहेत. मोह मात्र आहे असे म्हणतात.

त्र्यंबकराव निवृत्तीनंतर नागपूरला स्थायिक झाले आणि तिथल्या निम्म्या खेळाडूंचे पटिंग त्यांनी अत्यंत प्रेमाने बिघडवले. प्रत्येकाला ते नवव्या ब्राऊनची गोष्ट सांगत. सुतळीची, रुमालांची, दगडासारख्या मनगटाची. कालिंदी शेजारी बसून सुपारी कातरत ऐके. अखेरच्या आजारात, सुई टोचायला आलेल्या परिचारिकेला त्यांनी क्षीण स्वरात सांगितले, “मनगट सरळ ठेवा, सिस्टर.” त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत.

कालिंदी पुण्याला बेबीकडे राहायला आली. इथे मैदानावर वाळू नव्हती. इथे हिरवळ होती, मखमली, ओली, अपरिचित. फळी नव्हती, आणि कुणी वाट ओढून देत नसे. मार्गशीर्षातल्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी जाई. केस पांढरे, शाल पांढरी, धुकेही पांढरे. त्या सबंध हिरव्या वर्तुळावर दव पडलेले असे, अस्पर्श, रुपेरी, श्वास रोखून धरलेले. ती वाकून चेंडू ठेवी, पाय जवळ घेई, आणि हलकेच मारी. चेंडू दवातून निघे. दव बाजूला उडे. आणि त्याच्या मागे, एक काळसर, ओली, वळणावळणाची रेघ हिरवळीवर उमटत, उमटत, उमटत जाई.