सुईचं टोक दिसेना

मी एक जुना प्रोब आहे, मित्रांनो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटाला गार जेल लावून जे फिरवतात ना, तोच मी. आता तपासणी खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. सोबतीला एक फुटका ट्रे आहे, पण तो काही बोलत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तो थाट! मला मऊ फडक्यानं पुसायचे, वायर गोल गुंडाळून हुकाला अडकवायचे. माझं मोठं काम यकृताचं. यकृतात डाग दिसला की त्यातला दोऱ्याएवढा तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवतात. सुई आत कुठे चालली आहे, ते मी पडद्यावर दाखवायचो. "याच्याशिवाय माझा हात आंधळा," असं डॉक्टरबाई म्हणायच्या. तेवढ्या शब्दांवर मी वर्षं काढली. पण त्या तुकड्याचं पुढे काय झालं, हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. माणसं उठून घरी जायची आणि मी हुकावर एकटाच उरायचो.

पुढे पुढे सगळ्यांची घाई वाढली. माझी वायर जमिनीवर लोळू लागली, तिच्यावरून ट्रॉलीची चाकं जाऊ लागली. दुखलं, पण सांगणार कुणाला?

एका दुपारी टेबलावर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. मुलगी बाहेर बसली होती. डाग साधा की कॅन्सरचा, एवढंच दोघांना कळायला हवं होतं. "श्वास रोखा," बाई म्हणाल्या. सुई आत गेली. शेजारीच मोठी रक्तवाहिनी होती, आणि नेमका तेव्हाच, चाकांखाली चेपलेल्या वायरमुळे, माझ्या चित्रावर काळा पट्टा आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी हात थांबवला, सुई अलगद मागे घेतली.

"टोक दिसत नाही, काका. अंदाजानं पुढे जाणार नाही मी."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "धुक्यात आम्हीही गाडी बाजूला घ्यायचो."

दुसऱ्या दिवशी नव्या प्रोबनं ते काम झालं. मी खणात गेलो.

आठ दिवसांनी त्यांची मुलगी सिस्टरना सांगायला आली, "बाबांचा डाग साधाच निघाला." इतक्या वर्षांत माझ्या कानावर आलेला हा एकच रिपोर्ट. इतका आनंद झाला, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतोय, मित्रांनो. वायर उचलून ठेवायला एक मिनिट लागतं. त्या दिवशी बाईंनी हात थांबवला म्हणून काका मुलीबरोबर घरी गेले. घाईतला प्रत्येक हात थांबेलच, असं नाही.