व्हेरमोलांची तिसरी हाक

गोतिए द व्हेरमोल मरायला टेकला होता आणि त्याचा एकच धोशा चालला होता. "ढाल आणा. पोराला आणा." डोळे कधीच गेले होते, पाय सुजून खांबासारखे झाले होते, पण आवाज असा खणखणीत की खाली पागेत घोड्यांनी कान टवकारावेत.

त्याची लेक माहो उशाशी बसून त्याला वाम मासळीचं सार पाजत होती.

"चिखलाचा वास मारतोय," म्हातारा कुरकुरला.

"आपल्याच दलदलीतली आहे, बाबा."

"असं होय! मग चांगली आहे," म्हणून त्याने वाडगा रिकामा केला.

व्हेरमोल म्हणजे काही फार मोठं घराणं नव्हे. एक दलदल, काठावर एक बुरूज, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी गावं, आणि पिवळ्या ढालीवर एका पायावर उभा काळा बगळा. शेजारचे सरदार त्यांना बेडूकखाऊ म्हणून चिडवायचे. पण लढाईत "व्हेरमोल उभा!" अशी आरोळी उठली की हेच चिडवणारे धावत त्या आरोळीच्या आडोशाला यायचे, तेव्हा बेडूक कुणाला आठवत नसत. गोतिएचे सगळे मुलगे तीच आरोळी देत इंग्रजांशी लढताना एका दुपारी गेले. मागे राहिली एकटी माहो.

म्हणून तिला रेनो द सांत्रेच्या घरी देताना म्हाताऱ्याने अट घातली. पहिला मुलगा बापाचा. दुसरा माझा. माझं नाव, माझी ढाल, माझी आरोळी, आणि त्यात सांत्रेंचं काहीएक मिसळायचं नाही. रेनोने वेदीवर हात ठेवून हो म्हटलं. तरुण होता, घर मुलांनी भरून जाईल असं वाटत होतं बिचाऱ्याला. झाले दोनच, एमेरी आणि जोस्लँ. दुसऱ्या बाळंतपणात माहो मरता मरता वाचली आणि सुईणीने सांगून टाकलं, आता पुरे.

थोरला एमेरी रीतीप्रमाणे दूरच्या एका सरदाराकडे शस्त्रं शिकायला राहिला होता. ईस्टरच्या आधीच्या उपासांत तिकडून माणूस आला. एमेरी तापाने गेला होता, पुरूनही झालं होतं. आईला लेकराचं तोंडसुद्धा दिसलं नाही. म्हाताऱ्याला मात्र यातलं कुणी काही कळू दिलं नव्हतं.

माहो खाली आली तेव्हा रेनो पागेत घोड्याचा खूर हातात धरून नुसताच बसला होता.

"आज मी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "एकच उरलाय आता. तो सांत्रेंचा."

"तुम्ही वेदीवर हात ठेवला होता."

"दोन मुलं धरून ठेवला होता, माहो! जोस्लँ तिकडे गेला तर माझ्यामागे माझा भाऊ बसेल गादीवर. ओळखतेस ना त्याला? आपल्या गावांची कातडी सोलेल तो. तुला तर उंबऱ्यावरही उभी करणार नाही."

ओळखत होती. चांगलीच ओळखत होती. त्या दिराने एका कुळाचं घर नुसतं गंमत म्हणून पेटवलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"सांगू नका," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत. देऊ द्या त्यांना ढाल, दार लावून, खोलीतल्या खोलीत. बिनसाक्षीचं कुणाला बांधत नाही."

"आणि थडग्यापाशी?"

थडग्याची रीत त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक होती. भालदार मेलेल्याचं नाव घेऊन तीनदा विचारतो, हे नाव कोण चालवणार? रक्ताच्या कुणी आरोळी दिली की नाव त्याचं, मग राजा आला तरी ते काढून घेऊ शकत नाही. कुणी बोललं नाही की ढाल फोडून थडग्यात टाकतात. नाव संपलं. पुन्हा ते कुणी घ्यायचं नाही.

"थडग्यापाशी पोराला मी गप्प ठेवीन."

"शपथ?"

"एमेरीची शपथ."

रेनोने तोंड फिरवलं. त्याचंही लेकरूच होतं ते.

जोस्लँला ढाल पेलवेना. म्हाताऱ्याच्या पोटावर ती आडवी ठेवली आणि त्याने नातवाचा हात धरून बगळ्यावरून फिरवला. "ही चोच. हा पाय. दुसरा पाय कुठे गेला?"

"पोटात घेतलाय त्याने," जोस्लँ म्हणाला.

"शाबास! आता ओरड."

"व्हेरमोल उभा!"

"हे काय? मांजर चेंगरलं की काय कुणाचं? पोटातून ओरड, पोटातून."

जोस्लँ खुदकन हसला आणि पुन्हा ओरडला. मग म्हणाला, "आजोबा, पण दादा तर..."

माहोने त्याचा खांदा दाबला. पोराने आईकडे पाहिलं. "दादा माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतो," तो म्हणाला.

"ओरडू दे की त्याला सांत्रे म्हणून! ते नाव हलकं आहे. आपल्याला दम लागतो." म्हातारा खूश झाला होता. त्याने नातवाला जवळ ओढलं. "नीट ऐक. भालदार विचारेल. पहिल्या हाकेला बोलायचं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जळू देत शेजारी, संपले बेडूकखाऊ म्हणून हसू देत मनात. तिसऱ्या हाकेला द्यायची दणकून. मी ऐकणार आहे. वचन?"

"वचन, आजोबा."

माहोला तिथे उभं राहवेना. मेलेल्या पोराची शपथ एकीकडे, जित्या पोराचं वचन दुसरीकडे, आणि मधे हसत पडलेला तिचा बाप. अशा वेळी बाईने करावं तरी काय?

त्याच आठवड्यात गोतिए गेला. समाधानाने गेला, हे सगळ्यांनी पाहिलं.

थडग्यावर नेण्याआधी माहोने जोस्लँला समोर बसवलं. "आज तू बोलायचं नाहीस, बाळा."

"मी वचन दिलंय."

"दादा नाही ना आता. बाबांना तू एकटाच आहेस."

"पण मी वचन दिलंय, आई!"

चर्चच्या अंगणात शेजारचे झाडून सगळे सरदार आले होते. हसत कुणीच नव्हतं. भालदाराने ढाल डोक्यावर उचलली. "व्हेरमोल हे नाव कोण चालवणार?"

जोस्लँ गप्प होता. रेनोने सुटकेचा श्वास सोडला. पोर ऐकतंय असं त्याला वाटलं.

"व्हेरमोल हे नाव कोण चालवणार?"

माहो लेकाच्या मागे, त्याच्या छातीवर एक हात ठेवून उभी होती. तो का गप्प आहे हे त्या गर्दीत तिला एकटीला ठाऊक होतं. एवढंसं पोरगं, पण ताठ उभं होतं, आणि गंमत करायची असल्यासारखं ओठ दाबून धरले होते त्याने. तिच्या मनात आलं, ओरडू दे. जाऊ दे सांत्रे खड्ड्यात. एकदा ऐकू दे माझ्या बाबांना. मग तिला ते जळतं घर आठवलं, आणि एमेरी आठवला.

"व्हेरमोल हे नाव कोण चालवणार?"

तिच्या हाताखाली पोराची छाती फुगली. माहोने दुसरा हात पुढे नेऊन त्याचं तोंड घट्ट दाबलं.

तो धडपडला, हातपाय झाडले, तिच्या तळहातात दात रुतवले. आरोळी तिच्या हातावर गरम गरम आपटत राहिली, सबंध, दोन्ही शब्द. रक्त आलं तरी तिने हात काढला नाही. भालदाराने घण उचलला. बगळ्याचे दोन तुकडे झाले आणि एकामागून एक बापाच्या अंगावर जाऊन पडले. शेजारचा एक म्हातारा सरदार हमसून हमसून रडायला लागला.

माती लोटून झाल्यावर तिने हात काढला. जोस्लँ रडत नव्हता. तोंडाला आईचं रक्त लागलेलं तसंच, तो तिच्याकडे बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "आजोबा ऐकत होते ना गं."