चार नंबरची बाटली

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, बाटली नाकाशी नेली आणि समोरच्या माणसाकडे रोखून पाहिलं.

"काय हो बाटलीमास्तर, जमिनीखालच्या पाण्यात क्लोरीन कोण टाकतं?"

सगळं ऑफिस त्याला बाटलीमास्तरच म्हणे. कचरा डेपोभोवती तपासणीसाठी सहा विहिरी खोदल्या होत्या. कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी जमिनीत उतरतंय का, हे कळावं म्हणून दर तीन महिन्यांनी त्या विहिरींचं आणि शेजारच्या ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, हे त्याचं काम. ते तो इमानेइतबारे करतो, असा ऑफिसचा समज होता.

"म्हणजे?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"चार नंबरच्या बाटलीला नळाच्या पाण्याचा वास येतोय. ही विहीर डेपोच्या उतारावर आहे की ऑफिसच्या मोरीत?"

मास्तरचा चेहरा खर्रकन उतरला. पण चोरी पकडली गेली तरी माणूस आधी सबब शोधतो. तुम्हीआम्ही तरी काय वेगळं करतो?

"बाई, तिथे जायला धड वाट नाही. सगळी काटेरी झुडपं. त्यात आधी अर्धा तास शिळं पाणी उपसून टाका, मग ताजं आलं की भरा. आणि निकाल तर दर वेळी चांगलाच येतो."

"येणारच! नळाचं पाणी तपासलं की नळाचाच निकाल येतो." बाईंनी आवाज चढवला नाही, हेच त्याला जास्त लागलं. "किती दिवस चाललंय हे?"

"वर्ष झालं असेल."

"त्या उताराखाली कोण राहतं, ठाऊक आहे?"

मास्तरला चांगलंच ठाऊक होतं. तिथे त्याची सख्खी धाकटी बहीण राहत होती!

"वस्तीतली माणसं विहिरीत डोकावत नाहीत, मास्तर. ती चौकात लागलेला तुमच्या सहीचा निकालाचा कागद वाचतात. मी वर कळवणारच आहे. त्याआधी खरी बाटली आणा. आणि खरं बोलायचं धाडस झालं, तर तेही करा."

विहिरीकडे जायची वाट बहिणीच्या दारावरूनच होती. ती अवेळी आलेल्या भावाला पाहून हरखली आणि आधी पाण्याचा पेला पुढे केला.

"आमच्या बोअरचं आहे, बघ किती गार! तुझा कागद चौकात लागला आणि आम्ही बाहेरचं पाणी आणणंच बंद केलं. शेजारीण म्हणत होती, पिवळट दिसतं. मी म्हटलं, अगं, खाली माझ्या दादाची सही आहे!"

पेला हातात तसाच राहिला. तेवढ्यात शाळेतून आलेली भाची आत गेली आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी पिऊ लागली. मास्तरने धावत जाऊन तिच्या हातातला पेला हिसकावला. पाणी तिच्या गणवेशावर सांडलं.

"दादा! अरे, हे काय?"

"पिऊ नका हे! मी... मी वर्षभर त्या विहिरीपर्यंत गेलोच नाही. ऑफिसातल्या नळावर बाटली भरायचो. आज अर्धा तास उपसून खरं पाणी न्यायला आलोय."

शरमेने त्याची मान वर होईना. बहीण चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "वर्षभर?" मग भरलेलं पिंप आडवं करून ओतून टाकलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चल. तू उपस, मी घड्याळ बघते."

अर्ध्या तासाने विहिरीतून आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं, नाकाला झोंबणारं पाणी. मास्तरने बाटली भरली आणि चिठ्ठीवर चारचा आकडा लिहिला.

निकाल आला आणि वस्तीतले बोअर बंद झाले, टँकर सुरू झाला. मास्तरने स्वतःच्या हाताने दुसरा कागद चौकात चिकटवला: 'आधीचे निकाल खोटे आहेत. नमुने मी नळावर भरले होते.' शेजारणीने तो मोठ्याने वाचला, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण तो जागचा हलला नाही. निलंबनाचं पत्रही त्याने मुकाट्याने घेतलं.

पुढे तो कामावर परतला. आता चार नंबरचं पाणी उपसताना वस्तीतलं कोणीतरी घड्याळ घेऊन शेजारी उभं असतं, आणि ती अट त्यानेच घातली आहे.

बहीण आजही त्याला प्रेमाने घरात घेते. पाण्याचे दोन पेले भरते. फक्त दादाने घोट घेईपर्यंत आपला पेला उचलत नाही.

मित्रहो, आपल्या सहीच्या भरवशावर कोणीतरी कुठेतरी पाणी पीत असतं. म्हणून सही करण्याआधी विहिरीपर्यंत चालत जावं. काटे पायातून निघतात, हो. बहिणीच्या मनातली शंका निघत नाही.