सोमवारचे बांगडे

धाकट्या दिराने, महादूने, रापणीच्या जाळ्यावरून आणलेली बांगड्यांची पिशवी चुलीपाशी टाकली आणि "वयनी, बरासा तिकला कर गो," असं सांगून तो आंघोळीला गेला. शेवंतीने बांगडे कापले, धुतले, तिकल्याच्या झणझणीत रश्श्याचं वाटण वाटलं, तिरफळं ठेचून घातली. उकळी फुटली तसा वास घरभर झाला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ते गिळलं. दुसरं काय गिळणार?

तिचा नवरा बाबली होडीवरून पडून गेला त्याला दहा महिने झाले होते. तेव्हापासून सासूचा, यशोदेचा, कायदा लागू झाला होता: विधवेने मासे खायचे नाहीत. कापायला विधवा चालते, रांधायलाही चालते, खायला तेवढी चालत नाही! मीठ बघायला थेंबभर रस्सा हातावर घेतला, तर यशोदा पाटावरून ओरडायची, "जीब लावलंस तरी खाल्ल्यासारख्याच!" मग शेवंती अंदाजाने मीठ घालायची आणि अंदाज चुकला की शिव्या खायची. रेडीच्या माहेरी सकाळच्या पेजेबरोबरही जिला सुक्या बांगड्याचा तुकडा लागायचा, ती आता रोज सगळ्यांना माशांचं वाढून मागाहून डाळभात खात होती.

त्याच दिवशी ग्रामसेवक आला. खुर्चीत बसून त्याने फाईल उघडली.

"विधवा प्रथा बंद, असा ठराव झालाय गावाचा. येत्या सोमवारी मोठे साहेब येतायत. गावातल्या सगळ्या विधवांनी स्टेजवर बसून मासे खायचे. फोटो निघणार."

"सोमवारी?" यशोदेने कपाळावर हात मारला. "सोमवारी हंयसर मासे खाता कोण?"

"साहेबांना तोच वार मोकळा आहे."

शेवंती दाराआडून म्हणाली, "माझोव सोमवार आसता, भाऊनू. लग्नाआदीपासून धरलंय मी."

"एक मोडलात तर महादेव काही रागावत नाही, वहिनी." तो हसला आणि मग त्याने आवाज उतरवला. "घरावर बाबलीच्या जागी तुमचं नाव लावायचं आहे ना? तो अर्ज माझ्याच टेबलावर आहे. तेव्हा यायचं."

झालं! सासूचा जाच कमी होता म्हणून सरकार धावून आलं.

सोमवारी शाळेपुढे मांडव उभा राहिला. आदल्या दिवशी घेऊन बर्फात ठेवलेले बांगडे तळून विधवांच्या ताटांत आले. सत्तरीतल्या पारूकाकीने चाळीस वर्षांत मासा तोंडात घातला नव्हता. तिने मान फिरवली, तेव्हा ग्रामसेवकाने स्वतःच्या हाताने घास तिच्या तोंडात कोंबला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिला ओकारी आली आणि तिने पदर तोंडावर दाबला. "आनंदाश्रू!" माईकवाला ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवंतीपुढे ताट आलं. हात पुढे जायला बघत होता. तेवढ्यात तिची नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली. साहेब पुरी आणि बटाट्याची भाजी खात होते.

"सायबानू, तुमी मासे खाणास नाय?"

"छे छे, माझा सोमवार असतो."

"तुमचो सोमवार, तो सोमवार. आणि माझो?" तिने ताट सरकवलं. "माका मासे आवडतत, सायबानू. दहा म्हयने जीव जाता माझो. पण सासू सांगता म्हणान सोडूचे आणि तुमी सांगतास म्हणान खावचे? ह्या तोंड माझा, की गावाचा?"

साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "अजून बरंच प्रबोधन व्हायला हवं." तिला खाली उतरवताना ग्रामसेवक तिच्या कानाशी पुटपुटला, "आता घरावरचं नाव विसरा."

घरी वेगळंच कौतुक मांडून ठेवलं होतं. "सून माझी सोन्यासारकी! सायबाक नाय म्हणान सांगल्यान, घराची अब्रू राखल्यान!" यशोदा वाडीभर सांगत सुटली. तिने आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची शेवंतीला शिसारी आली.

बुधवारी परत बांगडे आले. शेवंतीने तिकला केला, सगळ्यांना वाढलं आणि मग आपलं ताट वाढून घेतलं. भात, वर रस्सा, रश्श्यात दोन तुकडे. ती सगळ्यांच्या पंगतीला येऊन बसली.

महादूचा घास हातातच राहिला. यशोदा किंचाळली, "परवा नाय म्हटलंस ना गो? मगे आज ह्या काय?"

"परवा सोमवार होतो, आये. आज बुधवार."

आणि तिने घास तोंडात घातला.

यशोदेने तिचा अंबाडा धरला. महादूने दंडाला धरून तिला दारापुढच्या खळ्यात ढकललं आणि "कागदावर खंय आसा तुझा नाव?" असं विचारून दार लावून घेतलं. ताट तिने सोडलं नव्हतं. अर्धा भात मातीत गेला. उरलेला घेऊन ती खळ्यातच मांडी घालून बसली आणि भर दुपारी, रस्त्याला दिसेल अशी, जेवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बांगडा गोड लागत होता. दोन्ही खरं होतं.

कुंपणापलीकडे वाडी जमली. परवा मांडवात टाळ्या वाजवणारे हात त्यातच होते. ग्रामसेवकाची मोटारसायकल आली, हळू झाली. "हा घरगुती प्रश्न आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. कुंपणाचं बेडं उघडून एकही माणूस आत आला नाही.

शेवंतीने हात धुतले, ताट धुतलं आणि दारावर थाप मारली.

"दार उघड, आये. माझा घर आसा ह्या."

कडी निघाली नाही. तिने परत थाप मारली. संध्याकाळ झाली तरी ती मारतेच आहे आणि वाडी ऐकते आहे. मंडळी, कुंपणाचं ते बेडं उघडून तिच्या शेजारी जाऊन उभं राहायला आपल्याला आणखी कुठला ठराव हवा आहे?