अल्फामातला इंग्रज

बेल्मिरो वाझ नखशिखांत पोर्तुगीज होता. लिस्बनच्या अल्फामात, नदीच्या खाऱ्या वासात जन्मला, तिथंच त्याला मिसरूड फुटलं आणि बायकोही त्याने गल्लीतलीच केली, फेलिस्मिना. तरी सगळी गल्ली त्याला 'इंग्रज' म्हणायची. हे नाव ठेवलं होतं ओलेगारिओने. ओलेगारिओ दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून लोक त्याला मेस्त्री म्हणत, पण ब्रशापेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. गल्लीत कोणाला नवं नाव पडलं की ते ह्याच्याच कारखान्यातून निघालंय हे कोणाला सांगावं लागत नसे. आणि विनोद केला की समोरच्याच्या आधी हा स्वतःच पोट धरून हसायचा. ती त्याची खोडच होती.

नावाला कारण मात्र होतं. बेल्मिरो तरुणपणी शिपाई म्हणून आफ्रिकेत गेला होता. तिथं शिरे नदीच्या काठाने त्याची तुकडी गावोगावच्या मुखियांना आपले निळे-पांढरे झेंडे वाटत फिरायची. झेंडा घेतला की गाव पोर्तुगालच्या राजाचं झालं, असा हिशेब. वाटेत बेल्मिरोला ताप चढला. तुकडी त्याला एका झाडाखाली ठेवून पुढे गेली ती गेलीच. शेवटी कुठल्याशा इंग्रज पाद्र्याच्या आगबोटीने त्याला उचलला, कडू औषध पाजलं आणि दूध घातलेला चहा पाजत पाजत समुद्रापर्यंत आणून सोडला. बेल्मिरो घरी आला तो ती चहाची सवय घेऊनच. अल्फामातला न्हावी दूध घालून चहा पितो म्हटल्यावर ओलेगारिओ गप्प बसेल कसा? त्याने पाटीच रंगवली: 'इंग्रजाचं सलून'. वर तांबड्या मिशांचा एक गडी, हातात कप. बेल्मिरोला ती इतकी आवडली की त्याने स्वतः खिळे ठोकून लावली. पुढे ओलेगारिओला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता म्हणून इंग्रजच उभा राहिला.

सलूनमध्ये बेल्मिरोची एक गोष्ट ठरलेली असायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासला की तो सुरू व्हायचा.

"त्या मुखियाकडे टोपलीत दोन झेंडे. एक आपला, एक इंग्रजांचा. नदीत होडी दिसली की माणूस पाठवून विचारायचा, तुम्ही कुठले? मग त्या मापाने झेंडा चढवायचा. मी म्हटलं, बाबा, खरं सांग, तुला ह्यातला कुठला आवडतो?"

"मग काय म्हणाला?" गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून विचारायचं, शंभरदा ऐकलेलं असलं तरी.

"म्हणाला, दोन्ही चांगले आहेत, पाहुण्यांनो. तुम्ही गेलात की दोन्ही ज्वारीत लावतो. पाखरं फिरकत नाहीत."

आणि दुकान हसायचं. ओलेगारिओ सगळ्यांत मोठ्याने.

मग अठराशे नव्वद साल उजाडलं. आपल्या सरकारने आफ्रिकेच्या नकाशावर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गुलाबी रंग फासून ठेवला होता. मधे कोण राहतं हे विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती. इंग्रजांनाही तोच मुलूख हवा होता, तेही कोणाला विचारणार नव्हते. जानेवारीत त्यांनी दरडावून सांगितलं, शिरेकाठचे शिपाई आजच्या आज मागे घ्या, नाहीतर बघून घेऊ. आणि आपल्या सरकारने मुकाट्याने मान तुकवली. बातमी फुटली तसं लिस्बन पेटलं. ज्यांना शिरे नदी आहे की भाजी हे ठाऊक नव्हतं ते तिच्यासाठी रस्त्यात रडू लागले. चौकातल्या राष्ट्रकवीच्या पुतळ्याला शोकाचं काळं कापड गुंडाळलं गेलं. इंग्रजी कापड, इंग्रजी साबण, इंग्रजी मास्तरणी, सगळ्यांना दारं बंद झाली. ओलेगारिओही रडला. खोटं कशाला बोला, खरंच रडला.

रविवारी दिवेलागणीला जमाव घोषणा देत खालच्या पेठेतून वर चढला. ओलेगारिओ हौदापाशी ब्रश धूत होता. जमावाच्या पुढे चालणाऱ्या एका विद्यार्थ्याने घसा बसलेल्या आवाजात विचारलं, "मेस्त्री, इथं कोणी इंग्रज राहतो का?"

आता ह्या प्रश्नावर गल्लीतला कोणीही तेच बोलला असता, असं ओलेगारिओने पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. पण बोलला तोच.

"राहतो तर! पायऱ्या चढा, तिसरं दार. दूध घालून चहा पितो हरामखोर!"

गल्लीतली माणसं असती तर हसून लोळली असती. पण ही गल्लीतली नव्हती.

बेल्मिरोने आतून दार लोटून धरलं होतं. बाहेरून पन्नास खांद्यांनी रेटा दिला आणि त्याचा उजवा हात दाराच्या फटीत सापडला. दार मोडलं, आरसा फुटला, खुर्ची पायऱ्यांवरून खाली गडगडत गेली. पाटी पायांखाली तुडवली गेली. "मी पोर्तुगीज आहे, अरे, मी तुमच्यासाठी शिरेला गेलो होतो," असं बेल्मिरो ओरडत होता, आणि लोक आणखी चिडत होते, कारण इंग्रज असून इतकं चांगलं पोर्तुगीज बोलतो म्हणजे हेरच असला पाहिजे. शेवटी झुल्मिरा मासळीवाली टोपली घेऊन मधे घुसली आणि अशा काही शिव्या दिल्या, की ह्या बाई ज्याची बाजू घेतात तो अल्फामाचाच असणार हे कोणालाही पटावं. जमाव पांगला.

बेल्मिरोची तीन बोटं चेचली होती. हाडवैद्याने फळ्या बांधल्या. म्हणाला, ईस्टरपर्यंत वाकली तर वाकली, नाहीतर वस्तरा विसरा.

दुसऱ्या दिवशी ओलेगारिओ भेटायला गेला तो सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण खाटेवरचा तो फळ्या बांधलेला हात पाहिला आणि वाक्यांनी दगा दिला.

"माझ्यामुळे झालं रे," तो कसाबसा म्हणाला. "माझ्यामुळे."

"म्हणजे?" बेल्मिरोने विचारलं.

इथं खरं बोलायची वेळ होती. ओलेगारिओच्या तोंडातून निघालं, "ती पाटी. मी रंगवली नसती तर..."

"हट वेड्या!" बेल्मिरोने डाव्या हाताने त्याचा खांदा दाबला. "प्रेमाने रंगवलीस तू ती. त्या गाढवांना वाचता आलं ह्यात तुझा काय दोष? फेलिस्मिना, अगं, ह्याला वाटीभर सूप दे. बघ, काय अवस्था करून घेतलीय ह्याने!"

फेलिस्मिनाने सूप दिलं, वर सॉसेजचा मोठा तुकडा घातला. "भावजी, असं मनाला लावून घेऊ नका," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्यासारखा मित्र आहे म्हणून तर तग धरलाय ह्यांनी." ओलेगारिओने सूप संपवलं. न संपवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून अर्ध्या खऱ्याने त्याला पुरता बांधून टाकला. दार त्याने दुरुस्त केलं, आरसा स्वतःच्या घरचा आणून लावला. दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून वस्तराही हातात घेतला. रंगाऱ्याचा हात, स्थिर होता. बेल्मिरो कोपऱ्यात स्टुलावर बसून शिकवायचा. "आडवा धर. गालाला ताण दे. अरे, माणूस आहे तो, भिंत नाही!" गिऱ्हाइकं हसायची, क्वचित कापून घ्यायची आणि पुन्हा यायची. सगळी गल्ली म्हणू लागली, मित्र असावा तर मेस्त्रीसारखा. झुल्मिरा तर रस्त्यात अडवून म्हणाली, "मेस्त्री, जीभ वाईट तुमची, पण काळीज सोन्याचं हो!" ओलेगारिओ घरी गेला आणि अंधारात बसून राहिला. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याला खरोखर वाटलं.

जमाव वळला तेव्हा आपण मागून धावलो, 'अहो, तो आपलाच आहे' असं ओरडलो, हे त्याने मनाशी घोकून घोकून खरं करत आणलं होतं. कधीकधी त्याला तो आवाज ऐकूही यायचा.

आताशा तो विनोद करत नव्हता. बेल्मिरोच्या ते लक्षात आलं होतं. "तुझी बत्तिशी बघून किती दिवस झाले," तो म्हणायचा. "बोटं माझी गेलीत, तुझी नाहीत. नवी पाटी रंगवायला घे बघू."

"नाव काय घालू?"

"घाल की 'पोर्तुगीज न्हावी'. म्हणजे कोणी चुकायला नको!" आणि बेल्मिरो एकटाच हसायचा.

ईस्टर जवळ आला. फळ्या सोडल्या. अंगठा वाकत होता, पण चेचलेली तिन्ही बोटं लाकडासारखी. बेल्मिरो ती टेबलाच्या कडेवर दाबत बसायचा, कोणाचं लक्ष नसताना.

अशा एका सकाळी सलूनमध्ये एक विद्यार्थी शिरला. काळा डगला, हातात पत्र्याचा डबा. इंग्रजांना धडा शिकवायला नवी युद्धनौका बांधायची म्हणून गावभर वर्गणी चालली होती. स्टुलावर बसलेल्या बेल्मिरोने डाव्या हाताने खिसा चाचपून एक नाणं डब्यात टाकलं. विद्यार्थ्याने मान लववली आणि खुर्चीत बसला.

"झटपट दाढी करा, मेस्त्री. दुपारी सभा आहे, मला बोलायचंय."

ओलेगारिओने साबण फासला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि एक गाल उतरवला. विद्यार्थी आरशातून त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"तुम्हाला मी पाहिलंय," तो म्हणाला.

"मी इथलाच," ओलेगारिओ म्हणाला. "पाटीवाला. कुठंतरी पाहिलं असेल."

"नाही नाही. हौदापाशी!" विद्यार्थ्याचा चेहरा फुलला. "त्या रविवारी! तुम्हीच दाखवलंत ना आम्हाला? तिसरं दार, दूध घालून चहा पितो! वा! मी तर सभांमधून सांगतो तुमची गोष्ट. म्हणतो, एक साधा कारागीर, हातात ब्रश, आणि एका बोटाने शत्रूचं घर दाखवतो!" त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला आणखी काही उमगलं. "अरे, हेच ते दार! म्हणजे इंग्रज पळाला आणि दुकान तुम्ही घेतलंत? छान केलंत! देशभक्ताच्याच हाती आलं."

ओलेगारिओचा वस्तरा विद्यार्थ्याच्या गळ्यापाशी थांबला होता. स्टुलाकडे बघायचा त्याला धीर होईना. आरशात बघितलं तर तिथंही स्टूल होतंच.

"नाही पळाला," स्टुलावरून आवाज आला. शांत होता, तेच वाईट होतं. "इथंच असतो."

"कुठं?" विद्यार्थ्याने वळून विचारलं.

बेल्मिरोने उजवा हात वर केला. बोटं ताठ, जणू शपथ घेतोय. "हा काय. बेल्मिरो वाझ, राहणार अल्फामा. राजाचा माजी शिपाई."

विद्यार्थ्याने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा दाराकडे. अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन तो उठू लागला.

"बसा," बेल्मिरो म्हणाला. "अर्ध्या दाढीने माझ्या दुकानातून आजवर कोणी गेलं नाही. मेस्त्री, दुसरा गाल."

ओलेगारिओने दुसरा गाल केला. कुठंही कापलं नाही. विद्यार्थी काहीतरी पुटपुटला, माफी असावी, पैसे टेबलावर ठेवले आणि डबा घेऊन निघून गेला. पायऱ्यांवर डब्यातली नाणी वाजत राहिली, मग तीही थांबली.

"बेल्मिरो," ओलेगारिओ म्हणाला. "तो विनोद होता रे. आपला नेहमीचा. मला वाटलं ते हसतील. देवाशपथ, मला वाटलं हसतील आणि पुढे जातील."

"इतके दिवस माझ्या घरचं सूप प्यायलास."

"हो."

"फेलिस्मिना म्हणायची, भावजी वाळत चाललेत. रोज मेणबत्ती लावायची तुझ्यासाठी." बेल्मिरोने बोटं मांडीवर ठेवली आणि डाव्या हाताने झाकली. "एक सांग फक्त. मी दारामागे होतो, मला नीट ऐकू आलं नाही. तू ते बोललास, तेव्हा हसलं का कोणी?"

ओलेगारिओला हौद दिसला. मशाली दिसल्या, एकही हसू नसलेले चेहरे दिसले, मग पायऱ्यांकडे धावणाऱ्या पाठी. आपण मागून ओरडलो होतो तो आवाज त्याने खूप शोधला. तो कुठंच नव्हता. हौदापाशी एक माणूस उभा होता, ओल्या ब्रशासकट पोट धरून, जमाव तिसऱ्या दारापर्यंत पोचला तरी अजून वाकलेला.

"हसलं," तो म्हणाला. "मी."

बेल्मिरोने मान हलवली. मग तो उठला, टेबलावरचा उघडा वस्तरा डाव्या हाताने उचलला आणि मिटायला लागला. पातं दांड्याच्या खाचेत जाईना. ओलेगारिओ सवयीने पुढे झाला, तसा बेल्मिरोने हात मागे घेतला आणि पुन्हा एकट्यानेच मिटायला लागला.