डाव्या हाताचे टाके

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या त्या माणसाला सिनेमाच्या मंडळात सगळे ‘चोवीस’ म्हणत. मंडळात कुणी नवा माणूस आला की हा त्याला दारातच गाठायचा आणि सांगायचा, एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. बाहुलीला नुसती मान वळवायची असली, तरी कुणीतरी अख्खी दुपार तिच्यासमोर वाकून बसलेलं असतं. मंडळाच्या चिटणीस असलेल्या ग्रंथपालबाई त्याची चेष्टा करायच्या. "दिवसभर फ्रेमला काचा बसवायच्या आणि सुटीला फ्रेमा मोजायच्या. याला काय विश्रांती म्हणतात का?" त्यावर चोवीसच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

त्याचं वेड साधंसुधं नव्हतं. मातीच्या माणसांचे, लोकरीच्या प्राण्यांचे, कातरलेल्या कागदांचे सिनेमे तो कुठून कुठून मिळवायचा. एक माणूस पाऊण तास बसची वाट बघतो आणि बस आल्यावर चढतच नाही, असले सिनेमेही त्याला प्रिय. सतरा वर्षं तो दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या वरच्या दालनात उभा राहून सिनेमाची ओळख करून द्यायचा. पहिल्या रांगेत त्याची बायको बसायची. शाळेत शिकवायची ती. दिवे गेले की दहाव्या मिनिटाला तिची मान कलायची, आणि दिवे आले की ती सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायची.

पाच महिने आजारी राहून ती गेली.

दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं सगळंच झालं. काम बिघडलं नाही. काचा आधीपेक्षा नेमक्या बसत होत्या. मालक म्हणाले, "थोडे दिवस घरी राहा," तर तो म्हणाला, "घरी काय करू?" हे त्यानं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच सुचत नव्हतं. संध्याकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसायचा, जमवलेल्या सिनेमांची यादी उघडायचा, वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि बंद करायचा. चारशे नावं होती. एकाही नावाशी बोट थांबत नव्हतं.

लेकीच्या आजारपणात मदतीला आलेल्या सासूबाई अजून घरातच होत्या. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते, शाळांचे गणवेश शिवले होते. आता परत कधी जायचं, हे त्या बोलल्या नाहीत आणि त्यानंही विचारलं नाही. त्यांच्या धाकट्या मुलाचा फोन आला की त्या म्हणायच्या, "येते, येते," आणि फोन ठेवून भांडी विसळायला लागायच्या. जावई आणि सासू समोरासमोर बसून जेवायचे. "वाढू का?" "पुरे." एवढंच बोलणं. रडणं दोघांपैकी कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

एका दुपारी ग्रंथपालबाई दुकानात आल्या. चष्मा पुसायच्या निमित्तानं.

"या शनिवारचा सिनेमा तुम्हीच सहा महिन्यांपूर्वी ठरवलेला," त्या म्हणाल्या. "नमद्याच्या म्हातारीचा. जमणार नसेल तर मी कागदावरून वाचून दाखवते, पण माझं वाचन ऐकून लोक उठून जातील हो."

"येतो," तो म्हणाला. नाही म्हणायला जे काही लागतं, तेही त्याच्यापाशी नव्हतं.

शनिवारी तो बूट घालत होता तेव्हा सासूबाई पर्स घेऊन दाराशी उभ्या. "मी पण येते. घरात बसून भिंतीच बघायच्या, त्यापेक्षा पडदा बघते."

"आई, कंटाळाल. बोलणं फारसं नाहीये त्यात."

"आपल्याकडे तरी कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

तो उभा राहिला आणि बोलला. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचे तुकडे हातानं शिवून ही म्हातारी बनवली आहे. पाठीवर एक दार बांधून ती गावभर फिरते, त्या दाराला बसेल असं घर शोधत. दोन बहिणींनी नऊ वर्षं खपून सत्तर मिनिटांचा हा सिनेमा केला. शब्द सगळे जागच्या जागी आले. टाळ्या पडल्या. आपल्याऐवजी कुणी दुसराच बोलून गेला, असं त्याला वाटलं, आणि तो पहिल्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसला.

हा सिनेमा त्यानं अकरा वेळा पाहिला होता. म्हातारी पूल ओलांडताना वाऱ्यानं दारासकट मागे ढकलली जाते, तिथे दर वेळी तो खुर्चीत पुढे सरकायचा. आज पूल आला आणि गेला. पडद्यावर कापड हलत होतं, एवढंच. आपल्याला काहीच वाटत नाही, याची त्याला भीतीही वाटली नाही.

पाऊण सिनेमा झाला असेल, तेव्हा सासूबाई वाकल्या आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीनं, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल इतक्यानं म्हणाल्या, "हिला आता दुसरीच कुणी शिवतेय."

मागून कुणीतरी शुक् केलं. त्यानं वळून पाहिलं. सासूबाई झोपल्या नव्हत्या. पदराला टीप घालताना बसाव्यात तशा पुढे झुकून, डोळे बारीक करून बसल्या होत्या.

दिवे आल्यावर ग्रंथपालबाईंनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" एक गृहस्थ दाराच्या अर्थाविषयी बराच वेळ बोलले. मग बाईंचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. "आजी, तुम्हाला कसा वाटला?"

"शिवण चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण कोट दोघींनी शिवलाय. आधीचे टाके उजव्या हाताचे. सगळे एका अंगाला कललेले. पूल झाला ना, त्यानंतर बाही उसवते आणि पुढच्या वेळी दिसते तेव्हा टाके उलटे कललेले. ती बाई डावखुरी. शेवटपर्यंत मग तीच शिवते."

दालनात हशा पिकला, पण चांगल्या अर्थानं. चोवीस हसला नाही. अकरा वेळा, त्याच्या मनात आलं. आणि काचा घासणारा मी.

रविवारी सकाळी, चहाचे कप विसळायच्या आधी, त्यानं कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. "दाखवा, कुठे."

"आता? ओट्यावर सगळा पसारा..."

"राहू दे पसारा."

त्यानं सिनेमा पुढे नेला, थांबवला, एकेक चित्र सरकवलं. सासूबाईंनी बोट ठेवलं. "हे बघा. असे. आणि आता पुढे घ्या. अजून. थांबा! हे तसे." पडद्यावर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. टाके खरंच उलटे होते. त्यानं वहीत मिनिट आणि सेकंद लिहून घेतले. किती दिवसांनी वहीत काही लिहिलं होतं, कुणास ठाऊक.

"म्हणजे आधीच्या बहिणीनं काम मधेच सोडलं," तो म्हणाला.

"सोडलं म्हणा," सासूबाई म्हणाल्या आणि उठून नळ सोडला.

नळ बराच वेळ चालू होता. त्यांच्या मनात काय आलं ते त्याला कळलं, कारण त्याच्याही मनात तेच आलं होतं.

थोड्या वेळानं पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "माझ्या लेकीला आवडायचे का हो हे सिनेमे?"

त्याला खोटं बोलायचाही आळस आला होता. "नाही. झोपायची."

"मग सतरा वर्षं कशाला यायची?"

"घरी जाताना मी तिला सगळी गोष्ट सांगायचो. ती म्हणायची, बघण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकलेलं बरं."

सासूबाईंनी फडकं घेतलं. कप पुसून उपडे ठेवले.

सोमवारी जेवणाच्या सुटीत त्यानं सिनेमा करणाऱ्या बहिणींचा पत्ता हुडकला आणि परक्या भाषेत, शब्दकोश उघडून, चार ओळींचं पत्र ई-मेलनं धाडलं. माझ्या सासूबाई शिवणकाम करतात. त्यांच्या लक्षात आलं की पुलानंतर शिवणारा हात बदलला आहे. ते बरोबर आहे का? आणि आधीची बहीण कुठे आहे? शेवटचा प्रश्न त्यानं दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला.

उत्तराची तो वाट बघत होता असं म्हणता येणार नाही. पण रोज एकदा उघडून बघायचा. अकराव्या दिवशी उत्तर आलं. संध्याकाळी घरी आल्यावर बूटही न काढता त्यानं सासूबाईंना ते मराठीत वाचून दाखवलं.

"‘इतक्या वर्षांत हे कुणालाच दिसलं नव्हतं. हो, आधी सगळं बहीण शिवायची, सहाव्या वर्षापासून मी शिवलं. मी डावखुरी आहे. माझी बहीण एक दिवस म्हणाली, मला या म्हातारीचा वीट आला, आणि निघून गेली. आता ती शहरात बस चालवते. खूप मजेत आहे. तुमच्या सासूबाईंना आम्हा दोघींचा नमस्कार कळवा.’"

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "बस चालवते?"

"हो."

"मला वाटलं, गेली."

"मलाही."

"मेली! बस चालवते!" त्या म्हणाल्या. हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा एकदम विस्कटला. तोंडाला पदर लावून त्या मोठ्यानं रडल्या. इतके दिवस त्या घरात कुणी रडलं नव्हतं, तो आवाज भांड्यांवरून, कपाटावरून आपटून परत आला. तो तसाच उभा राहिला. त्याला रडू आलं नाही. आतमध्ये, फार लांब, काहीतरी हललं का, हेही त्याला नक्की सांगता आलं नसतं. त्यानं पाणी भरून आणलं, त्यांच्या हातात दिलं, आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जावयाचा हात असा खांद्यावर पहिल्यांदाच पडला होता. त्यांनी तो राहू दिला.

आठवड्यानं धाकट्याचा फोन आला. "आई, तिकीट काढू का?" यावेळी त्या येते-येते म्हणाल्या नाहीत. "या महिन्याचा सिनेमा झाला की काढ," म्हणाल्या. मग त्यांना दोनदा ‘हॅलो’ म्हणावं लागलं.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, "पुढचा कसला आहे?"

"वाळूचा," तो म्हणाला. "काचेवर वाळू पसरायची, बोटानं चित्र काढायचं, पुसायचं, परत काढायचं. एक घोडा आहे त्यात."

"वाळू? म्हणजे शिवण नाहीच."

"नाही."

"मग मी काय बघू?"

त्यानं विचार केला. खरंच केला. त्या सिनेमात बघायचं काय, हे सतरा वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, आई," तो म्हणाला. "बघा तरी."