नाव घातलेली घागर

बद्रीनाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले तेव्हा बोरखेडच्या लोकांना वाटलं, चला, आता हा माणूस दुपारचा निवांत पडेल. कुठलं काय! उभा जन्म माईकवर गाड्या पुकारण्यात गेलेला. अशा माणसाला पुकारायला काहीतरी लागतंच. वर्ष सरायच्या आत नानांनी गावात इतिहास मंडळ काढलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि मंडळासाठी सगळ्यात आधी काय घेतलं असेल, तर माईक.

पण काम मात्र केलं हो. तेलगावच्या रस्त्याला एक जुनी बारव काटेरी झुडपांत बुजून गेली होती, ती मोकळी केली. पायऱ्या असलेली एवढी देखणी विहीर आपल्या गावात आहे हे पोराबाळांना तेव्हा कळलं. ओढ्यावर बायका ज्या दगडावर धुणं आपटायच्या, तो उलटा करून पाहिला तर वीरगळ निघाला. ढाल-तलवार घेतलेला कुणी जुना वीर इतकी वर्षं तोंड खाली करून लुगड्यांचा मार खात पडला होता. त्याला मारुतीच्या पाराजवळ नीट उभं केलं. बदल्यात बायकांना शहाबादी फरशी आणून द्यावी लागली, आणि फरशी येईपर्यंत त्यांनी वीराला जागचं हलू दिलं नाही.

मंडळात माणसं मोजकीच. शाळेतल्या मंजुषाबाई सचिव. मोटारी, मिक्सर, कुकर असं काहीही दुरुस्त करून देणारा कय्युम. आणि पप्पू, कारण त्याच्याकडे छोटा हत्ती टेम्पो होता आणि मंडळाला कायम काहीतरी वाहून न्यायचं असायचं.

यंदा मंजुषाबाईंनी कल्पना काढली नाव घातलेल्या भांड्यांच्या प्रदर्शनाची. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं म्हणजे त्यावर देणाऱ्याचं नाव घालूनच द्यायचं. कुणाचं लग्न, कुणी दिलं, काय नातं, सगळं परातीच्या काठावर कोरलेलं असतं. कय्युमचे वडील बाजारच्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे आणि अख्ख्या पंचक्रोशीची नाती तांब्या-पितळेवर ठोकायचे. आता भेट म्हणून मिक्सर देतात, त्यावर कोण नाव घालतंय?

प्रदर्शन असं झालं की विचारू नका. बायका माळ्यावरून हंडे, घंगाळी, पराती काढून घेऊन आल्या. कुणी काय आणलं ते कळावं म्हणून मंजुषाबाईंनी प्रत्येक भांड्याला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. शाळेच्या हॉलमध्ये दिवसभर ही गर्दी. "आगं, ही माझ्या मामाची परात!" "हे बघ, आज्याचं नाव!" बोटं अक्षरांवरून फिरत होती. नाना माईकवर सुटले होते आणि त्यांना कुणी थांबवत नव्हतं.

नाना मधेच थांबले ते एका घागरीमुळं. तांब्याची घागर, गळ्याशी जराशी चेपलेली. खांद्यावर अक्षरं होती : 'चि. बद्रीनाथ कडून तुळजाआक्कास.'

तुळजाबाई म्हणजे नानांची थोरली बहीण. गावातच दिलेली, खालच्या गल्लीत. तिच्या लग्नात नाना शाळकरी होते, पण घागरीवर माझंच नाव पाहिजे म्हणून त्यांनी बाजारात भोकाड पसरलं होतं. वडिलांनी शेवटी हात टेकले. अक्षरं ठोकून होईपर्यंत नाना कय्युमच्या वडिलांपुढून हलले नव्हते.

आणि आता या बहीण-भावांत बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. नानांच्या पोराच्या लग्नात मानाचे फेटे बांधायचे होते, आणि पुकारणार कोण, तर अर्थात नाना. कागद वगैरे त्यांना कधी लागला नाही. सगळे सोयरे पुकारले, व्याही पुकारले, थेट परळीच्या मित्रांपर्यंत पोचले, आणि सख्खे दाजी शहादेवराव पहिल्या रांगेत बोडक्या डोक्यानं बसून राहिले. दाजी तसेच पंगतीला बसले. तुळजाआक्का मात्र जेवणाच्या ताटावरून उठली. रात्री नानांची बायको साखराबाई आवराआवर करायला बसली तेव्हा एक गुलाबी फेटा जास्तीचा निघाला आणि चूक कळली. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन या. नाना म्हणाले, सकाळी जातो. त्या सकाळीला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. भाऊबीज गेली, राखी गेली. आक्का मोठी, तिनं समजून घ्यावं, असं नाना म्हणत. चूक त्याची, त्यानं यावं, असं आक्का म्हणे. गाव एवढंसं, तरी बाजाराला जाताना नाना खालची गल्ली टाळून लांबच्या वाटेनं जायचे.

आक्का घागर घेऊन आली होती सुनेबरोबर. घागर ठेवली आणि अध्यक्षांकडं न बघता निघून गेली. पण घागर होती तिच्याकडं अजून! नळ आले, प्लास्टिकचे ड्रम आले, फिल्टर आला, तरी घागर जपून ठेवलेली. नानांना त्या दिवशी फार बरं वाटलं. दोनदा जाऊन घागर पाहून आले.

दुसऱ्या दिवशी नाना मंडळाच्या कामानं अंबाजोगाईला गेले. दुपारी घरी परतले तर ओट्यावर तीच घागर.

नाना पायरीवरच बसले. घरात कुणी नव्हतं, साखराबाई शेतात गेलेली. दिलेलं भांडं परत येणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. आहेर परत म्हणजे नातं संपलं. इतकी वर्षं बोलणं बंद होतं, पण तुटलं असं नव्हतं. आता आक्कानं तोडलं. त्यांना एकदम ते बाजारात भोकाड पसरणारं पोर आठवलं आणि त्याची फार दया आली.

साखराबाई आली, तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग घागर पाहिली.

"आक्कानं परत धाडली," नाना म्हणाले. "संपलं."

साखराबाईनं घागर उचलली, हलवली. आत काहीतरी खडखडलं. हात घालून तिनं गुळाचा खडा बाहेर काढला.

"आवो, गूळ हाय की ह्याच्यात! रागानं धाडलेल्या भांड्यात कुनी गूळ घालतं का? तोडायचं असतं तर रिकामी घागर आपटली असती तुमच्या दारात. ही आक्कानं तुमाला बोलावनं धाडलंय."

नाना बघतच राहिले. रिकामं भांडं आपण शेजारणीलासुद्धा परत करत नाही हे खरं, पण गूळ? गूळ म्हणजे गोडच की! त्यांचा चेहरा असा उजळला की साखराबाईला हसू आवरेना. ती आत गेली आणि कपाटाच्या तळातून तो गुलाबी फेटा घेऊन आली. इतक्या वर्षांत त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

"ही बी आता रिकामी परत जाऊ नये," असं म्हणत तिनं फेटा घागरीच्या गळ्यातून आत कोंबायला सुरुवात केली. फेटा लांबलचक, गळा अरुंद. दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून कितीतरी वेळ कोंबत होते. वरून गुळाचा खडा ठेवला आणि नाना घागर खांद्यावर घेऊन निघाले. लांबची वाट नाही, थेट खालची गल्ली.

चावडीपाशी पोचतात तो समोरून छोटा हत्ती आला. पप्पू चालवत होता, शेजारी कय्युम आणि मागं नुसती भांडीच भांडी. नानांना बघताच कय्युम उडी मारून उतरला.

"नाना, लई घोळ झालाय! तुमच्याच घरी येयलो होतो."

"काय झालं?"

"अम्मीनं सकाळी समदी भांडी चिंच लावून घासली. म्हनली, लोकांची भांडी कुंकवानं, हातानं खराब झालेली कशी परत द्यायची? चिठ्ठ्या गेल्या पान्यात. वरून परत्येक भांड्यात गुळाचा खडा घातला, रिकामं देऊ नये म्हनून. आन मग ह्या पप्पूनं..." कय्युम पप्पूकडं वळला. "तूच सांग बे!"

"आता मला काय म्हाईत?" पप्पू म्हणाला. "मंजुषाताई शाळेत, तुमी अंबाजोगाईला. भांड्यावर नावं घातलेली हायतच की! नाव वाचलं, घर गाठलं, भांडं ठेवलं."

म्हणजे ज्यांनी कधीकाळी आहेर केला, त्यांच्याच दारात पप्पूनं भांडी नेऊन ठेवली होती. सबंध गावाचा आहेर एका सकाळीत उलटा फिरला होता! अमरसिंह देशमुखांच्या आजोबांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नात भांडं दिलेलं. त्यामुळं अर्धं प्रदर्शन देशमुखांच्या ओट्यावर रचलेलं आणि अमरसिंह हात जोडून विचारत होते की आमचं चुकलं तरी काय. वरच्या गल्लीत दोघी जावा एका परातीवरून रडारड करून बसल्या होत्या. कय्युमची आई रहेमतबी घरोघर फिरून सांगत होती, "मेरीच गलती है बाबा, बर्तन वापस दो."

"तुमची घागर तुळजाआक्काची हाय," पप्पू म्हणाला. "द्या हिकडं, टाकतो जाता जाता."

म्हणजे आक्कानं काही धाडलंच नव्हतं. बोलावणं नव्हतं, गूळ तिचा नव्हता. खांद्यावरची घागर एकदम जड झाली. क्षणभर वाटलं, द्यावी पप्पूकडं आणि आल्या वाटेनं परत जावं.

मग दुसरं मनात आलं. दारोदार भांडी पोचली, आक्काच्या दारात घागर आली नाही. ती काय समजली असेल? भावानं दिलेली घागर भावानंच ठेवून घेतली. सकाळपासून ती हेच समजून बसली असेल.

"न्हाई," नाना म्हणाले. "ही मीच देतो. ही आता भरलेली हाय."

आक्का अंगणात तूर पाखडत होती. शहादेवराव बाजेवर पडले होते, ते उठून बसले. आक्कानं सूप खाली ठेवलं नाही.

"कावून आलास?"

"मंडळाकडून भांडं द्यायला आलो."

"मंडळाकडून पप्पू येतो. अध्यक्ष कवापासून येयला लागले?" आणि मग तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, तू ठिवून घेतलीस. समद्यांच्या दारात भांडी आली, माझीच घागर न्हाई आली. म्हनलं, बद्रीनं दिलेली घागर बी काढून घेतली. सकाळधरून भाकर गिळली न्हाई मला."

"आन मला वाटलं, तूच परत धाडली," नाना म्हणाले. "मी पायरीवर बसून रडलो आक्का."

आता खोटं बोलून काय करायचं? नानांनी पप्पूचा सगळा घोळ सांगून टाकला. गूळ रहेमतबीचा, हेही सांगितलं. शहादेवराव हसायला लागले. आक्का हसली नाही. तिनं घागर जवळ ओढली, गुळाचा खडा बाजूला काढला आणि आत हात घातला. बोटांना कापड लागलं. ती ओढायला लागली. गुलाबी कापड बाहेर आलं, आणखी आलं, येतच राहिलं. आक्काची मांडी भरली, सुपातल्या तुरीवर कापड पसरलं, तरी संपेना. काय आहे हे तिला अर्ध्यातच कळलं होतं, पण ती ओढतच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"एवढ्या वर्सांनी?" शहादेवराव म्हणाले. "बद्री, नवरदेवाचं पोरगं शाळेत जाईल आता. ह्यो फेटा घालून मी मिरवू कुठं?"

"रविवारी बारवेवर गाळ काढायचा हाय, दाजी," नाना म्हणाले. "तिथं मिरवा."

"गाळ काढायला फेटा?"

"मानाचा हाय."

आक्का उठली. आत जाऊन तिनं भाकरी आणि ठेचा आणला, भावाला वाढलं आणि स्वतःही तिथंच जेवायला बसली. जाताना साखराबाईसाठी शेरभर तूर पदरानं पुसलेल्या डब्यात घालून दिली. "डबा परत आन," ती म्हणाली. "आन पप्पूकडं देऊ नको."

रविवारी बारवेवर निम्मं गाव जमलं. भांड्यांच्या घोळामुळं ज्यांची एकमेकांकडं जायची वेळ आली होती, तेही बरेच एकत्र आले होते. मंजुषाबाईंनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या सुतळीनं बांधायच्या. रहेमतबीनं सांगितलं, मी तरीबी घासणारच. शहादेवराव फावडं घेऊन आले होते, डोक्याला मात्र साधा रुमाल. फेटा काखेत. मानाचा फेटा पुकारल्याशिवाय बांधत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते रास्तच होतं.

तुळजाआक्का वरच्या पायरीवर घागर घेऊन बसली होती, येईल त्याला पाणी देत होती. ओल्या तांब्यावर भावाचं नाव उन्हात चमकत होतं.

नानांनी माईक हातात घेतला. घसा साफ केला. सगळं आयुष्य त्यांनी गाडी पुकारायची ती तीनदा पुकारली होती, म्हणजे स्टँडावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं.

"फेट्याचा पहिला मान, आमचे दाजी, शहादेवराव!" बारवेतून आवाज घुमून वर आला. "फेट्याचा पहिला मान, आमचे दाजी, शहादेवराव!" दाजी फावडं टेकून ताठ उभे राहिले आणि कय्युम त्यांना फेटा बांधू लागला. "फेट्याचा पहिला मान, आमचे दाजी, शहादेवराव!"

"बद्री, पुरे आता!" आक्का पायरीवरून ओरडली. ती हसत होती. "लोक हसायलेत! ऐकलं समद्या गावानं!"

नानांनी चौथ्यांदा पुकारलं.